बागलाणच्या वहीतली मोकळी जागा

कुंदा, तुझ्या शोकसभेत तुझ्याबद्दल एक खोटी गोष्ट सांगितली गेली आणि ती ऐकत मी दुसऱ्या रांगेत पंख्याखाली बसून राहिले. बोलणारे गृहस्थ चांगले होते. त्यांनी तुझं भरपूर कौतुक केलं. मोडी घडाघडा वाचणारी बाई, शेकडो घरांच्या पिढ्या तोंडपाठ असलेली बाई, सगळं खरं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "कुंदाताईंच्या हातून उत्साहाच्या भरात एक मोठी चूक झाली. पण ती त्यांनी तिथल्या तिथे कबूल केली. अशी माणसं आता कुठे आहेत?" लोकांनी माना हलवल्या. तुझ्या भावाने, श्रीधरने, चष्मा काढून पुसला. मी मांडीवरची पर्स सरळ केली.

ती चूक माझी होती. एवढं वाक्य लिहायला अर्धी ओळ लागली. बोलायला अकरा-बारा वर्षं पुरली नाहीत.

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. स्मरणिका काढणारे म्हणाले, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या, तुमची चार पानं हवीतच. तुझा जन्म, शिक्षण, सत्कार हे दुसरं कोणी लिहील. मला फक्त एका वहीबद्दल लिहायचं आहे. वाचणाऱ्यांना सगळं माहीत नसणार, म्हणून तुला ठाऊक असलेल्याही काही गोष्टी सांगाव्या लागतील. कंटाळलीस तर कंटाळ.

मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले ती बगलेत फाइल घेऊन. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. आमच्या संस्थेने नाशिकातल्या जुन्या गोष्टींची यादी करायला घेतली होती. घाट झाले, देवळं झाली, मग उपाध्यांच्या घरातल्या वह्या आल्या. सगळंच वाचवणं शक्य नव्हतं, म्हणून आधी कशाला हात घालायचा हे गुणांवर ठरायचं. प्रत्येक वस्तूचं एक पत्रक. वय, दुर्मिळता, कारागिरी, माहिती, सध्याची अवस्था. प्रत्येकाला दहापैकी गुण. तू ओसरीत मेथी निवडत बसली होतीस. मी सगळं समजावून सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "दहापैकी? मग नापास झालेल्या वहीचं काय करता? गोदावरीत सोडता?"

त्या दिवसापासून मी तुझी मार्कवाली झाले. जिन्यावर माझी पावलं वाजली की तू स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचीस, "वर्षा, मार्कवाली आली गं, एक कप वाढव!" श्रीधरच्या बायकोला त्याचं हसू आवरायचं नाही.

तुमचं घर बागलाणातल्या यात्रेकरूंच्या उपाध्यांचं. सटाण्याकडचं कोणी अस्थी घेऊन नाही तर श्राद्धाला नाशिकला आलं, की श्रीधर घाटावर विधी करायचा आणि मग त्यांना घरी पाठवायचा. घरी वह्या आणि तू. बायका घाटावर बसत नाहीत, पण श्रीधरला मोडी बघितली की झोप यायची आणि तुला यायची नाही, म्हणून तुझ्या वडलांनी वह्यांच्या कपाटाची किल्ली तुझ्याकडे दिली. लग्न तू केलं नाहीस. लोक त्याची कारणं शोधत राहिले आणि तू वह्या सांभाळत राहिलीस.

"मूळ गाव?" एवढंच तू विचारायचीस. मग आडनाव, मग आजोबांचं नाव. पाच मिनिटांत पान समोर. आजोबांची सही, नाही तर अंगठा. त्याच्याही वर तुझ्या पणजोबांनी त्या घरातल्या माणसांची मोडीत लिहून घेतलेली नावं. आलेल्याने त्याच्याखाली लिहायचं: कोण गेलं, कोण जन्मलं, आणि स्वतःची सही. एवढंच त्या वहीचं काम.

तुझी एक सवय होती. पान सापडलं तरी तू नावं वाचून दाखवायची नाहीस. ओळीखाली अंगठा ठेवून वही त्यांच्याकडे फिरवायचीस. "तुमची माणसं आहेत, तुम्ही वाचा." त्यांना मोडी येत नाही हे तुलाही ठाऊक आणि त्यांनाही. ते बराच वेळ बघत बसायचे. मग तू विचारायचीस, "वाचू का?" त्यांनी मान हलवली की वाचायचीस.

मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा आणि मी तसं तुला सांगितलंही. "एका माणसाला चाळीस मिनिटं, कुंदा?"

"तुझ्या पत्रकात घाईला किती मार्क आहेत गं?"

तुमच्याकडे तीन वह्या होत्या. त्यातली सगळ्यात जुनी लाल कापडाच्या बांधणीची, हातभर लांब. पानांच्या कडा झडत होत्या, शिवण सैल झाली होती. मी पत्रक भरलं. वय नऊ, दुर्मिळता आठ, कारागिरी तीन, अवस्था दोन. माहितीला चार दिले. तू माझ्या खांद्यावरून वाचत होतीस.

"चारच का?"

"पानं निम्मी मोकळी आहेत."

तू रागावलेली मी तोपर्यंत पाहिली नव्हती. तू वही ओढून घेतलीस आणि एका नावाखाली आडवी चार बोटं ठेवलीस. "ही जागा माझ्या पणजोबांनी सोडलीय. मोजून. ज्या घरात माणसं जास्त तिथे सहा बोटं. माझ्या वडलांनी मुंजीच्या वयात पहिल्यांदा लिहायला घेतलं, तर एका घराखाली दोनच बोटं सोडली. आजोबांनी मुस्कटात भडकावली. म्हणाले, हे एवढ्यात संपणार हे तू ठरवलंस का? आणि तू लिहितेस, माहिती कमी!"

"रकाना माहितीचा आहे, कुंदा. आशेचा नाही."

"मग एक रकाना वाढव."

"पत्रक माझं नाही. वरून छापून आलंय."

"वरून म्हणजे देवाकडून का?"

चहा गार झाला. मी चारच ठेवले. त्याच पत्रकात खाली धोक्यांचा रकाना होता. त्यात मी लिहिलं होतं: वाळवी, भिंतीची ओल, सततचा वापर. हाताचा घाम, बॉलपेनची शाई, पानं उलटताना लावलेली थुंकी. तू तेही वाचलंस. "वाळवी, ओल आणि आम्ही," म्हणालीस. "बरी रांग लावलीस."

तू बरोबर होतीस आणि मी चूक होते, हे आज लिहिणं सोपं आहे. तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि संस्थेने पहिल्यांदा पूर्ण काम माझ्या एकटीवर सोपवलं होतं. मला ते नीट, वेळेत आणि दिसेल असं करायचं होतं. तुझं म्हणणं होतं, शिवण घाला, कपाट ओलीच्या भिंतीपासून हलवा, बस. पण शिवण घातलेली वही आणि न घातलेली वही फोटोत सारखीच दिसते. अहवालात काय दाखवू?

त्या सुमाराला गावात लॅमिनेशनचं खूळ आलं होतं. झेरॉक्सच्या दुकानात नवं यंत्र आलं की लोक रांग लावायचे. डिग्री, रेशनकार्ड, जन्मपत्रिका, देवांचे फोटो. माझं बी.ए.चं प्रमाणपत्र मीही करून आणलं होतं आणि त्यावर पाणी ओतून शेजारणीला दाखवलं होतं. मी तुझ्यासमोर एकदा विषय काढला. "प्लास्टिक?" तू एवढंच म्हणालीस, जणू मी वहीला मसाला लावायला सांगितलं होतं. मग चैत्रात तू आठ दिवस वणीला मावशीकडे निघालीस. रिक्षा दारात उभी होती. मी संमतीचा कागद पुढे केला. दुरुस्तीला हरकत नाही, एवढं छापलेलं आणि पुढे रिकाम्या ओळी. तू भिंतीवर टेकवून सही केलीस. "शिवण, कपाट, काय ते तू लिही. तो हॉर्न वाजवतोय."

त्या रिकाम्या ओळींत मी लिहिलं: सर्व पानांना प्लास्टिकचे आवरण. तुझ्या सहीच्या वर, माझ्या अक्षरात.

शिवण मीच उसवली. दोन दिवस त्या दुकानात स्टुलावर बसून एक एक पान हातात दिलं आणि घेतलं. यंत्रातून पान बाहेर यायचं ते कोमट, गुळगुळीत, काचेसारखं. कडा झडायच्या थांबल्या. मला फार आनंद झाला होता. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, पण त्या दोन दिवसांइतकी स्वतःवर खूश मी पुढे कधी झाले नाही.

तू वणीहून आलीस. मी प्रसादाची वाट बघावी तशी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तू पानं उलटलीस. ती आता वाजत होती. एका पानाच्या कडेवरून नख फिरवलंस.

"निघतं का हे?"

"काढायचं कशाला?"

"निघतं का, सुलभा?"

तू मला कधी नावाने हाक मारायची नाहीस. मी म्हटलं, विचारून सांगते. पुण्यात कागदांच्या कामातले एक जाणकार होते, त्यांना मी फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणी केलं?" मग म्हणाले, तापवून काढायला जाल तर शाई प्लास्टिकबरोबर येईल, आता हात लावू नका. मी 'कोणी केलं' याचं उत्तर दिलं नव्हतं. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. माझ्या लपवण्याची सुरुवात तिथेच झाली म्हणायची.

चौथ्या दिवशी सटाण्याच्या पलीकडच्या एका गावातले आजोबा आले. बरोबर त्यांची सून. सकाळी भावाच्या अस्थी सोडून थेट घाटावरून आले होते, धोतराचा काठ ओला होता. मी पंचनाम्याला आल्यासारखी फाइल घेऊन कोपऱ्यात बसले होते. तू नेहमीसारखं गाव विचारलंस, पान काढलंस, अंगठा ठेवलास, वही फिरवलीस. अंगठ्याखाली प्लास्टिक चमकत होतं. आजोबांनी मान तिरकी करून, उजेड टाळून पाहिलं.

"हाई मना आजानी सही शे?"

"हो. तुमच्या आजोबांची. वाचू?"

तू वाचलंस. त्यांनी डोळे पुसले आणि खिशातलं पेन काढलं. भावाचं नाव लिहायचं होतं. खाली चार बोटं जागा होती, तुझ्या पणजोबांनी सोडलेली. पेन घसरलं. त्यांनी तळहातावर रेघ मारून पाहिली. पेन चालत होतं. पुन्हा टेकवलं, दाबलं. काही उमटलं नाही. त्यांना वाटलं आपला हात ओला आहे. हात धोतराला पुसला, वहीचं पानही पुसलं, पुन्हा प्रयत्न केला. सून म्हणाली, "मामा, जोरमा दाबा."

"लिखाई नही ऱ्हायनं," ते म्हणाले. रागाने नाही. आपलंच काही चुकत असेल अशा आवाजात. मग तुझ्याकडे बघून विचारलं, "बाई, आते मी कोठे लिखू?"

तू आतून जाड मार्कर आणलास. त्यांनी भावाचं नाव लिहिलं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात. पान मिटताना तुझं बोट लागलं आणि नाव पुसलं गेलं. त्यांनी ते पाहिलं.

श्रीधर तेवढ्यात वर आला. जिन्यातूनच त्याने ऐकलं असेल, किंवा आजोबांचा चेहरा बघून त्याला कळलं असेल. वही हातात घेतली, दोन पानं उलटली. "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं होतं. हे तुला माहीत आहे, कारण तू माझ्याकडे बघितलंस. आणि तू म्हणालीस, "मी."

"ताई, तू?"

"मीच सांगितलं करायला. वही फाटत होती."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

नंतर जिन्यात तू माझा दंड धरलास. आजही मला तिथेच उभं असल्यासारखं वाटतं, चार पायऱ्या वर नाही आणि चार पायऱ्या खालीही नाही. मी म्हणत होते, मी आत्ता जाऊन सांगते. तू म्हणालीस, "शहाणी आहेस. मागच्या आळीत अकरा घरं आहेत. चार महिने मी त्यांच्या पाया पडतेय, वह्या दाखवा म्हणून. परवा कुठे हो म्हणालेत. मार्कवालीने वही मारली हे कळलं तर उद्या एक कपाट उघडणार नाही. त्या वह्यांना वाळवी लागलीय, तू बघितली नाहीस, मी बघितलीय."

"आणि तुझं काय?"

"माझा भाऊ आहे तो. बोलेल दोन दिवस. काय करेल फार तर?"

कुंदा, तो फार काही बोललाच नाही. संध्याकाळी त्याने तुझ्याकडे किल्ली मागितली. बस. वह्यांचं कपाट त्याच्या खोलीत गेलं. येणाऱ्या लोकांसाठी त्याने एक नवी वही आणली, रेघांची, बाजारातली. त्यात लोक आपली नावं लिहायला लागले, पण वर कोणाचंच काही नाही. जुनं पान हवं असलं की श्रीधर कपाट उघडायचा, वही काढायचा, आणि मोडी येत नसल्यामुळे तुला हाक मारायचा. तू दारात उभी राहून वाचायचीस. हातात घ्यायची नाहीस. त्याने मनाई केली होती असं नाही. तूच घ्यायची नाहीस.

आणि ती अकरा घरं झाली. हे मी लिहिलंच पाहिजे, कारण त्याचं श्रेय आजवर मला मिळालं आहे. तू माझ्याबरोबर प्रत्येक घरी आलीस. तू वाचायचीस, सांगायचीस; मी लिहायचे. एकाही वहीला आम्ही प्लास्टिक लावलं नाही. शिवण, नवी कपाटं, फोटो. धोक्यांच्या रकान्यातून मी 'सततचा वापर' काढून टाकला, वर न विचारता. पहिल्याच घरी, त्या घरातल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "कुंदे, तुमच्या वहीसारखं नाही ना करणार?" तू म्हणालीस, "नाही काकू, एकदा हात भाजलाय ना माझा." मी मान खाली घालून पत्रकावर घराचा क्रमांक लिहीत होते. तो मी दोनदा लिहिला.

तुझं कारण वर्षभराचं होतं. अकरा घरं पूर्ण झाली त्या दिवशी ते संपलं. त्यानंतर जे गप्प बसणं होतं ते माझं. संस्थेत मला बढती मिळाली. आळीत मी कुठेही गेले की कोणी तरी म्हणायचं, "ह्या सुलभाताई, ह्यांनी वह्या वाचवल्या." मी दर वेळी ठरवायचे, आता सांगायचं, आणि दर वेळी कोणी तरी पाणी आणून द्यायचं. पुण्याला नोकरी चालून आली तेव्हा नवरा म्हणाला, चल की, इथे काय ठेवलंय? मी गेले नाही. कामावर प्रेम आहे म्हणून, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मी गेले तर तू एकटी त्या खोट्यात राहशील असं वाटायचं. आणि मी राहिले म्हणून तू त्यातून सुटलीस असंही झालं नाही. दोघी एकाच खोलीत, दार बाहेरून लागलेलं, आणि आपण आत पापड लाटतोय.

हेही सांगते, कारण तू गेलीस म्हणून मी फक्त गोड बोलणार नाही. मला तुझा राग आहे. तू मला विचारलं नाहीस. 'मी' म्हणायच्या आधी तू माझ्याकडे बघितलंस, पण ते विचारणं नव्हतं. तू ठरवून टाकलं होतंस. त्या एका शब्दात तू अकरा घरांच्या वह्या वाचवल्यास, माझी नोकरी वाचवलीस, आणि मला आयुष्यभर तुझ्या घरात खाली मान घालून चहा प्यायला लावलंस. असं कोणी कोणावर उपकार करतं का?

काही वर्षांनी आमच्याकडे नवं पत्रक आलं. ते समजावून द्यायला दिल्लीहून एक तरुण बाई आली होती. तिने फळ्यावर लिहिलं, लोकांच्या लेखी महत्त्व. म्हणाली, वस्तू किती जुनी एवढंच बघू नका, ती ज्यांची आहे त्यांना ती कशासाठी लागते ते विचारा. कोणाकडे उदाहरण आहे का? मी चार बोटं जागेची गोष्ट सांगितली. ती इतकी खूश झाली की तिने ती वहीत उतरवून घेतली. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?" मी तुझं नाव सांगितलं. तेवढं तरी केलं. पुढे त्या जागेचं काय झालं ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

दर गुरुवारी यायचे तशी तुझ्याकडे आले आणि नव्या रकान्याबद्दल सांगितलं. तेव्हा तुझा दमा वाढला होता, तू लोडाला टेकून बसायचीस.

"किती मार्कांचा आहे?"

"दहा."

"म्हणजे वाढवलाच शेवटी. किती वर्षं लागली तुमच्या वरच्या देवाला?" आणि तू इतकी हसलीस की खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळत होते. तेव्हा मी म्हटलं, "कुंदा, त्या वहीचं मला—"

"गॅसवर काही आहे का बघ गं. करपल्याचा वास येतोय."

गॅस बंद होता. ओटा स्वच्छ पुसलेला होता. मी परत येऊन म्हटलं, काही नाही. तू म्हणालीस, "मग बरं." पुढच्या गुरुवारी मी पुन्हा सुरुवात केली तर तू म्हणालीस, दूध उतू जातंय. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली नाही. आपण भाजी मंडईतल्या भावांवर बोललो, सिंहस्थात आळीत राहायला आलेल्या साधूच्या मोबाइलवर बोललो, माझ्या सुनेवर बोललो. तुला जितकं हसवता आलं तितकं मी हसवलं. ते माझ्या हातात होतं.

परवा मी श्रीधरकडे गेले. ठरवून, सकाळी दहाला, फाइल घेऊन. त्याने बसायला सांगितलं, मी उभ्यानेच सांगून टाकलं. त्या वहीला प्लास्टिक तुझ्या ताईने लावलं नाही, मी लावलं. ती वणीला होती. तिला माहीतही नव्हतं. तिने सही कोऱ्या ओळींखाली केली होती. मी फाइल उघडून संमतीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. हे अक्षर माझं आहे, बघ.

त्याने चष्मा लावून नीट पाहिलं. "अक्षर तुमचंच आहे," म्हणाला. "सही ताईची. सुलभाताई, तुम्ही दोघींनी सगळी आळी अशीच तर लिहिली. ती सांगायची, तुम्ही लिहायचात."

"हे तिने सांगितलं नव्हतं."

"असू दे हो."

"श्रीधर, मी खरं सांगतेय."

त्याने हात जोडले. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले, डोक्यावर नुकतेच वाढू लागलेले खुंट. "मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय ते. ती गेली, तिच्या नावावर डाग राहू नये, म्हणून तुम्ही तो स्वतःवर घेताय. पण मी तिला कधीच माफ केलंय. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

वर्षा दारात उभी होती. पदराने डोळे पुसत म्हणाली, "ताईंना अशी मैत्रीण मिळाली. कोण घेतं हो दुसऱ्याचं असं अंगावर?"

मी बसले. मग तारीखवार सांगितलं. दुकान कुठे होतं, स्टूल कसं होतं, पहिलं पान कोणत्या घराचं दिलं, पुण्याहून काय उत्तर आलं, जिन्यात तू काय म्हणालीस, सगळं. आयुष्यभर मी लोकांकडून पुरावे मागितले. आता सगळे पुरावे माझ्याकडे होते आणि प्रत्येक पुरावा माझं मन किती मोठं आहे हेच सिद्ध करत होता. श्रीधरने मला मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई माझ्या डोळ्यांत बघून 'मी' म्हणाली होती. लहानपणापासून ती माझ्याशी एकदाही खोटं बोललेली नाही. आता ती नाही, तर तुमच्या सांगण्यावरून मी तिला खोटं कसं पाडू?"

मी संमतीचा कागद फाइलीत परत ठेवला.

म्हणून हे छापायला देते आहे. स्मरणिकेवाले वाचून म्हणतील, किती सुंदर लिहिलंय, किती मोठं मन. म्हणू देत. माझी त्यांना एकच विनंती आहे, एक शब्दही गाळू नका.

तुझ्या आजारपणात मी तुझी माफी मागायला निघाले होते, तेही अर्ध्यात सोडलं. पण माफी मला तितकी नको होती, कुंदा. तू श्रीधरला हाक मारून एवढंच म्हणायला हवं होतंस की तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. तुझा शब्द तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून मोडला जाणार नव्हता. तू इतके गुरुवार समोर बसली होतीस, आणि तो मोड म्हणून मी तुला एकदाही सांगितलं नाही.